खोली कुणी रद्द केली?

१

"मोजणी जुळल्याशिवाय टाका घालायचा नाही. सर्जन ओरडू दे, घड्याळ पळू दे. गॉजचा एक तुकडा कमी भरला, तर तो कुठंतरी आहेच. आणि तो सापडेपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही."

मेट्रनबाईंना जाऊन वीस वर्षं झाली होती. पण काही हरवलं, की थोरलीच्या कानात अजून त्यांचाच आवाज घुमायचा. त्या गुरुवारी सकाळी हॉलमध्ये फोन कानाला लावून उभी असताना तो असाच घुमला.

खरं तर तिनं फोन अगदी किरकोळ कामासाठी केला होता. खोलीत एक टणक उशी जास्तीची ठेवाल का, एवढंच विचारायला. जुन्या शहरातलं ते सहा खोल्यांचं हॉटेल. तिथं फोन मालकीणबाई स्वतःच उचलायच्या, आणि चार महिन्यांत दोघींची चांगली ओळख झाली होती.

"उशी देऊ हो," मालकीणबाई म्हणाल्या, "पण कुठल्या खोलीत? ती दोघींची खोली तर तुम्ही रद्द केलीत ना?"

"मी? कधी?"

"म्हणजे तुमच्या घरून फोन आला होता. परवा, मंगळवारी, चारच्या सुमाराला. तारखा सांगितल्या, दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली सांगितली, खिडकीशी हातांची खुर्ची हवी होती तेही सांगितलं. मग मी कशाला शंका घेऊ?"

"कुणाचा आवाज होता?"

"काय सांगू? खोल गेलेला, सर्दी झाल्यासारखा. बाईचा की पुरुषाचा, देवाशपथ नाही सांगता येणार."

थोरलीनं फोन ठेवला आणि भिंतीला हात टेकला. आतल्या खोलीतून धाकटीची हाक आली, "ताई, पश्चिमेकडचा पेला दे गं. पूर्वेकडच्यात औषधाचा वास येतो."

धाकटीचं हे असंच. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. घरात डावं-उजवं कधी म्हणून नाही. पंखा नैऋत्येला वळवा, चप्पल ईशान्येच्या कोपऱ्यात आहे. नवरा म्हणायचा, हिच्याशी संसार करायचा तर खिशात होकायंत्र हवं.

त्या जुन्या शहराचा नकाशा तिनं दर वर्षी फळ्यावर काढला होता. तटबंदी, नदीचं वळण, मधोमध मनोरा, हॉटेल होतं तो चढ. शहर मात्र कधी पाहिलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी तपासण्यांचा कागद आला, तो थोरलीनं वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि त्याच संध्याकाळी एक कोरी वही काढून बहिणीला म्हणाली, "तू जरा उभी राहा, मग जाऊ आपण. पाच दिवस. चल, बेत लिहायला घेऊ."

उभं राहणं आता होणार नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एका धाकटीला सोडून. पण वहीचं एक पान वाचून दाखवलं, की धाकटी दोन चमचे पेज गिळायची. गाडीच्या वेळा वाचल्या, की दोन चमचे. मनोऱ्याच्या पायऱ्या वाचल्या, की दोन. पोटात जे काही जात होतं, ते त्या वहीच्या जोरावर जात होतं. खोली नाही हे तिला कळलं, तर तो चमचा तिथंच थांबणार होता.

कळायच्या आत शोधायला हवं होतं, हे कुणी केलं. आणि का केलं.

२

मंगळवारी दुपारी घरात कोण होतं, याची थोरलीनं मोजणी केली. ती स्वतः औषधांच्या दुकानात गेली होती, तिथं रांगेत तासभर गेला. उरले तिघं. धाकटीचा नवरा, मुलगी, आणि दिवसभर सोबतीला असणारी मदतनीस बाई. ही बाई इतकी भरभर चालायची, की धाकटीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव तुरतुरी ठेवलं होतं.

आधी नवरा. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान, म्हणून सासरमाहेर सगळीकडे ते चष्मेवालेच. थोरली दुकानात शिरली तेव्हा ते यंत्रावर एक भिंग घासत होते.

"चष्मेवाले, मंगळवारी तुम्ही घरी लवकर आलात."

"आलो. साडेतीनला." त्यांनी मान वर केली नाही. "गिऱ्हाईकाचा नंबर तपासता तपासता माझ्याच डोळ्यांना पाणी. म्हातारा म्हणाला, 'अहो, आधी तुमचे डोळे तपासा.' दुकानाचं शटर ओढलं आणि घरी आलो."

"हॉटेलला फोन केलात?"

यंत्र थांबलं. चष्मेवाल्यांनी भिंग उजेडात धरलं, पुसलं, परत धरलं.

"महिन्यापूर्वी केला होता," ते हळूच म्हणाले. "नंबर फिरवला. पलीकडून 'हॅलो' आलं आणि माझी दातखीळ बसली. ठेवून दिला. ताई, रोज संध्याकाळी ती मला विचारते, तिथं थंडी असेल का, तुमचा स्वेटर काढून ठेवू का. मी म्हणतो, ठेव. स्वेटर काढून ठेवलाय तिनं! खुर्चीवर. रोज त्याच्याकडे बघून जेवायचं. असं वाटतं, एकदा काय तो निकाल लागू दे."

"म्हणून मंगळवारी—"

"नाही हो. मंगळवारी मी न्हाणीघरात होतो. नळ सोडून बसलो होतो, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "हे भिंग तिचंच आहे. मागच्या महिन्यात म्हणाली, वहीतलं बारीक दिसत नाही, नंबर वाढवून द्या. एक करून दिला, आता म्हणते आणखी वाढवा."

"वही तर मी वाचून दाखवते तिला."

"तेच मलाही नवल वाटलं. पण मागितलं की द्यायचं, एवढंच राहिलंय आता माझ्या हातात."

थोरली निघाली, तसं ते मागून म्हणाले, "ताई, नळ बंद केला तेव्हा फोनवर कुणीतरी बोलत होतं. मला वाटलं, आपली पोरगी."

३

भाची वाचनालयात काम करायची. परत आलेली पुस्तकं फडताळात लावत होती. मावशीला पाहून तिनं हातातला गठ्ठा ठेवला आणि ती मागच्या खोलीकडे चालू लागली. बोलणं मोठ्यानं होणार, हे तिनं आधीच ओळखलं असावं.

"रद्द झाली?" ऐकून ती मटकन बसली. मग म्हणाली, "बरं झालं."

"तू केलीस?"

"नाही. पण करायला हवी होती. मीच करायला हवी होती!" तिचा आवाज चिरकला. "मावशी, काय चाललंय आपलं? आई विचारते, शहरात फिरायला माझे कुठले बूट घेऊ. मी बूट पुसून ठेवते. तिच्या पायांना सूज आहे, मोजेसुद्धा चढत नाहीत, आणि मी बूट पुसते! तुला रात्री झोप लागते?"

थोरलीला झोप लागत नव्हती. रोज सकाळी उठल्यावर पाच मिनिटं हात जोडून बसायचं, हा तिचा तरुणपणापासूनचा नेम. चार महिने ती नेमानं बसत होती, पण मागणं काही सुचत नव्हतं. ज्या तोंडानं दिवसभर खोटं बोलायचं, त्याच तोंडानं देवाकडे काय मागायचं?

"ती खाते गं त्या वहीमुळे," ती शेवटी म्हणाली.

"का तू जगतेस त्या वहीमुळे?" भाची म्हणाली, आणि लगेच ओशाळली. नाक पुसत तिनं विषय बदलला. "मला नवल याचंच वाटतं, की तुझ्यासारखी बाई सहलीला निघाली. तू म्हणजे माझ्या आत्तेबहिणीच्या लग्नाला एका दिवसासाठी आलीस, तर मांडवात शिरायच्या आधी जवळचं हॉस्पिटल कुठंय ते विचारून आलीस. आई म्हणाली होती, हिला नवरीचं नाव आठवणार नाही, पण अपघात विभागाचा दरवाजा आठवेल."

दोघी हसल्या.

"मंगळवारी चार वाजता कुठं होतीस?"

"गच्चीवर, कपडे काढत होते. खाली आले तर फोन जागेवर नाही. त्याचं ते बिनवायरचं यंत्र स्वयंपाकघरात पातेल्यांमागे सापडलं, बॅटरी मेलेली. बोलणं झाल्यावर कुणीतरी घाईनं लपवल्यासारखं."

"स्वयंपाकघरात कोण होतं?"

"तुरतुरी," भाची म्हणाली. "आणि मावशी, मी फोन शोधत असताना ती एकदाही माझ्याकडे बघेना."

४

तुरतुरी दुपारी चादरी वाळत घालत होती. थोरलीनं सरळच विचारलं, आडवळण घेतलं नाही. तुरतुरीच्या हातातला चिमटा खाली पडला.

"ताई, मला काही विचारू नका."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"मी शब्द दिलाय."

"कुणाला? साहेबांना? पोरीला?"

तुरतुरीनं चादरीत तोंड लपवलं. "माझी आई अशीच गेली, ताई. आम्हीही तिला सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, 'तुम्ही सगळे मला किती एकटं पाडलंत.' म्हणून मी शब्द दिला. तुम्ही मला कामावरून काढा, पण तो मोडणार नाही."

आणि ती खरंच तोंडाला कुलूप लावून आत निघून गेली.

थोरली हॉलमध्ये आली. तिनं परत हॉटेलचा नंबर फिरवला. तिकडून कपबश्यांचा आवाज येत होता, कुणीतरी जिन्यावरून बॅग ओढत होतं.

"मालकीणबाई, आठवून सांगा. खोली रद्द करणाऱ्या माणसानं आणखी काही विचारलं?"

मालकीणबाई म्हणाल्या, "खिडकीबद्दल विचारलं. सकाळचं ऊन कुठून येतं म्हणून. मी म्हटलं, समोरून येतं. तर म्हणे, 'समोरून म्हणजे काय? पूर्व की आग्नेय?' आता मला काय कळतंय त्यातलं! मी नोकराला विचारून सांगितलं, आग्नेय. तर पलीकडून इतका सुंदर हसण्याचा आवाज आला, आणि मग खोकला. पुढचं तुम्हाला सांगायचं नाही, असं मला बजावलंय."

फोन थोरलीच्या हातात तसाच राहिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिनं नवऱ्याला मोजलं, मुलीला मोजलं, मदतनीस बाईला मोजलं. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिलेली बाई ती. तिथं ट्रेवरचं सगळं मोजतात. चिमटे मोजतात, सुया मोजतात, गॉज मोजतात. टेबलावर निजलेल्या माणसाला मात्र कुणी मोजत नाही.

पण का? जिच्यासाठी हा सगळा बेत, तिनंच तो का मोडावा?

वही धाकटीच्या खोलीबाहेरच्या फळीवर होती. थोरली ती नेहमी उघडून पुढचं पान वाचायची, मागची पानं उलटून बघायची वेळ कधी आली नव्हती. आज तिनं पहिल्या पानापासून उघडली. गाडीच्या वेळांपुढे पेन्सिलीनं बारीक बरोबरची खूण होती. खोलीपुढे खूण. चढाच्या दोनशे बारा पायऱ्या, दर चाळीस पायऱ्यांवर बसायला कट्टा, त्याच्यापुढे खूण. उशी, छत्री, दुपारची झोप, मनोऱ्याची वेळ, नदीकाठचं बाक. खूण, खूण, खूण. पेपर तपासल्यासारखी.

म्हणून नवा चष्मा हवा होता.

शेवटच्या पानाच्या तळाशी समासात एक वर्तुळ होतं. आत काही नाही. धाकटीच्या हातचं असं वर्तुळ थोरलीनं शेकडो उत्तरपत्रिकांवर पाहिलं होतं. चुकलं असेल तिथं फुली. आणि मुलानं लिहायचंच राहिलं असेल, तिथं रिकामं वर्तुळ.

काय राहिलं होतं?

थोरलीनं सगळी पानं बोटानं परत मोजली. मग तिसऱ्यांदा. आणि एकदम तिला भाचीचं वाचनालयातलं हसणं आठवलं, नि वही घेऊन ती आत गेली.

५

"या, इन्स्पेक्टरबाई," धाकटी म्हणाली. खोल गेलेला, सर्दी झाल्यासारखा आवाज. रोज ऐकून थोरलीच्या कानाला तो बदललेला वाटतच नव्हता. "मला वाटलं, कालच पकडशील. म्हातारी झालीस गं."

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. वही मांडीवर.

"तुरतुरीला बोलू नकोस. वही तीच आणून द्यायची, नंबरही तिनंच लावला, पण शब्द मी घेतला होता."

"हॉस्पिटल," थोरली म्हणाली. "हॉस्पिटल लिहायचं राहिलं."

"दहापैकी दहा." धाकटीनं डोळे मिटले. "लग्नाच्या मांडवात जायच्या आधी जी बाई हॉस्पिटल शोधते, ती मला घेऊन पाच दिवस परक्या शहरात निघते. पायऱ्या मोजते, बाकं मोजते, उशी टणक आहे का ते विचारते. आणि हॉस्पिटल नाही, डॉक्टरचा नंबर नाही, इंजेक्शनं ठेवायला फ्रिज आहे का, तेसुद्धा नाही. मी तीनदा वाचलं. म्हटलं, जो पेशंट न्यायचाच नाही, त्याच्यासाठी हॉस्पिटल कोण शोधणार?"

थोरलीनं ते मुद्दाम गाळलं नव्हतं. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तोंडानं ती खोटं बोलत राहिली, आणि लिहिणाऱ्या हातानं खरं सांगून टाकलं.

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"आणि तरी तू खात राहिलीस?"

"तू वाचत होतीस ना! तुला वाटायचं, तू मला जगवतेयस. मला वाटायचं, मी चमचा नाही म्हटलं तर ही इथंच कोसळेल. मग उघड तोंड, गीळ पेज." धाकटी हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. थोरलीनं तिला उठवून धरलं. पाठीचा एकेक मणका हाताला लागत होता. खोकला ओसरल्यावर ती खांद्यावर डोकं ठेवून तशीच राहिली. "ताई, किती?"

"काय किती?"

"आता खोटं नको ना गं."

खाली रस्त्यावर कुणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती. परत परत घरघरत होती. थोरली ती सुरू व्हायची वाट बघत राहिली. मग म्हणाली, "दोन आठवडे. कदाचित दहाच दिवस."

"हं. मीही तेवढंच धरलं होतं."

चार महिन्यांतलं हे पहिलं खरं वाक्य. ते बोलून झाल्यावर आता आपल्याजवळ बहिणीला द्यायला काहीच उरलं नाही, असं थोरलीला वाटलं. तिला रडायला आलं. धाकटीनं तिला रडू दिलं.

"ती खोली पाच आठवड्यांनंतरची होती," धाकटी थोड्या वेळानं म्हणाली. "ती घेऊन मी काय करू? सोडून दिली. एकटीची घेतलीय. शनिवारपासून दोन रात्री. तुझ्या नावावर. खिडकी आग्नेयेला."

"मी तुला सोडून कुठंही जाणार नाही."

"मी गेल्यावर जाशील. वही छातीशी धरून, रडत रडत. माहितेय मला तू! त्याचा मला काय उपयोग? मला ऐकायचंय, ताई. फळ्यावर काढून काढून खडू झिजले. मनोरा किती मोठा आहे, मला ठाऊक नाही. नदीला आवाज आहे का, ठाऊक नाही. कान आहेत तोवर कुणीतरी येऊन सांगा ना."

"आणि मी परत यायच्या आत जर..."

"तर माझं काही अडणार नाही. नवरा आहे, पोरगी आहे, तुरतुरी आहे. अडेल तुझं." धाकटीनं हे अगदी मऊपणानं सांगितलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "पण तू चार महिने माझ्यासमोर बसून एक शहर रचलंस. आता खरं घेऊन ये. नदी घाण असेल, तर घाण सांग. हॉटेलवाली भांडखोर असेल, तर भांडण सांग. गोड करून काही आणू नकोस."

"नाही आणणार."

"वचन?"

दाराशी चष्मेवाले येऊन उभे होते, त्यांच्यामागे भाची. दोघांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. चष्मेवाल्यांच्या हातात नवा चष्मा होता. तो द्यायचा की खिशात ठेवायचा, हे त्यांना कळत नव्हतं.

"द्या इकडे," धाकटी म्हणाली. "तुमची तोंडं तरी नीट बघू दे. इतके दिवस सगळे पाठ फिरवून रडत होतात."

मग परत थोरलीकडे वळून, "वचन?"

"वचन," थोरली म्हणाली.

६

शुक्रवारी धाकटीनं पेज घेतली नाही. पाणी घेतलं, तेही कापसानं. थोरलीनं नाडी पाहिली, नखांचा रंग पाहिला, आणि जे समजायचं ते तिला समजलं. दहा दिवस हाही जरा उदार हिशेब होता. तिनं बॅगेतले कपडे दोनदा काढले आणि दोनदा भरले. भाचीनं विचारलं, "मावशी, राहतेस का?" थोरली परत नाडी बघायला गेली.

शनिवारी उजाडलं तेव्हा धाकटी झोपेत होती. चष्मेवाले खुर्चीतच बसल्या बसल्या डोळे मिटून होते, बायकोचा हात हातात. थोरली दारातून बघत उभी राहिली. जवळ जाऊन कपाळाला हात लावावा असं तिला फार वाटलं. पण हात लावला असता, तर पाय निघाले नसते.

भाचीनं बॅग जिन्यापर्यंत आणून दिली. "रोज फोन कर," ती कुजबुजली. "मी उचलला नाही, तर..." पुढचं तिनं गिळलं.

थोरलीनं बूट हातात घेतले होते, वाजू नयेत म्हणून. ते तिनं पहिल्या पायरीवर बसून घातले. नाडी बांधताना आतून खोकल्याचा आवाज आला. एकदा, मग सलग. तिचे हात थांबले. चष्मेवाल्यांची खुर्ची सरकली, कुणीतरी पाणी ओतलं, तुरतुरीची भरभर पावलं गेली. खोकला मंदावला.

तिनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, बॅग उचलली, आणि कठड्याला धरून ती जिना उतरू लागली.